सत्तर टक्क्यांच्या खाली

दि. ३ एप्रिल. रुपये पाच लाख अठ्ठेचाळीस हजार सहाशे फक्त.

माझ्या धाकट्या बहिणीने सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरून तो कागद उचलला, पाठपोट पाहिला आणि विचारले, "ह्यात गाडीसुद्धा येते का?"

काउंटरवरचा टायवाला हसला नाही. "नाही मॅडम, फक्त बॅटरी. मजुरी धरून."

गाडी विकायला काढली असती तर पावणेतीन लाख आले असते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, त्यातला प्रकार. मी तिच्या शेजारी उभा होतो, कारण असले कागद वाचायला घरचे लोक मलाच पुढे करतात. बत्तीस वर्षे एका औषध वितरकाकडे हिशेब पाहतो आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आकड्याने दचकायचे नाही, त्याच्या खालची बारीक अक्षरे वाचायची, एवढे एक अंगवळणी पडले आहे. त्या बारीक अक्षरांत एक ओळ होती: पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षांच्या आत बॅटरीची तब्येत सत्तर टक्क्यांच्या खाली गेल्यास कंपनी बॅटरी विनामूल्य बदलून देईल.

"आठ वर्षं कधी पुरी होतात?" मी विचारले.

त्याने संगणकात पाहिले. "एकतीस मे."

"आणि आत्ता तब्येत किती?"

"आमच्या मशीनवर सत्तर पूर्णांक सहा."

बहिणीने आपला फोन काढून बघितला. तिच्या अ‍ॅपवरही सत्तर पूर्णांक सहाच होते.

"सत्तरच्या खाली गेली की घेऊन या," टायवाला म्हणाला. "एकोणसत्तर पूर्णांक नऊ असलं तरी चालेल. पण एकतीस मेच्या आत."

"म्हणजे माझी गाडी पुरेशी आजारी नाही," बहीण म्हणाली. "अजून जराशी आजारी पाडून आणा, असंच ना?"

"मी तसं म्हणालो नाही, मॅडम."

"नाही, तुम्ही कुठे म्हणालात," ती म्हणाली आणि कागदाची नीट चौपदरी घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली.

ही माझी बहीण पहिल्यापासून जपणारी. लहानपणी नवा फ्रॉक आला की तो ट्रंकेत जायचा. बाहेर निघायचा तेव्हा तिला तो घट्ट झालेला असायचा. पुढे वीस वर्षे ती एका कापडाच्या दुकानात मोजून कापड फाडून देण्याचे काम करत होती. मेहुणे छापखान्यात होते. छापखाना बंद पडला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी बहीण गाडी चालवायला शिकली. मेहुण्यांनी शिकण्याचा प्रश्नच नव्हता. ते उतारावर सायकलसुद्धा हातात धरून चालत नेतात. "घरात एकाला तरी ब्रेक असावा लागतो," असे ते स्वतःबद्दल सांगतात. स्वयंपाक, धुणीभांडी आणि गाडीला घरचा चार्जर लावणे ही त्यांची कामे. घर चालते ते गाडीवर.

गाडी तिने तीन वर्षांपूर्वी एका कचेरीकडून जुनी घेतली आणि एका सेवाभावी संस्थेचे काम मिळवले. आमच्या गावातल्या डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून तीन वेळा शहराच्या रुग्णालयात न्यायचे, चार तास थांबायचे आणि परत आणायचे. येऊन-जाऊन एकशे चाळीस किलोमीटर. वाटेत थांबायचे नाही, कारण डायलिसिस झालेल्या माणसाला कधी चक्कर येईल सांगता येत नाही. चालकाने आणि गाडीने रुग्णालयाच्या आवारातच थांबायचे, हीसुद्धा अट. आवारात चार्जिंगची सोय पूर्वी होती. आगीच्या भीतीने ती बंद केली. वाटेवरचा एकुलता एक चार्जर मोडून पडला आहे.

कुणीतरी तिला सांगितले की स्टिअरिंगखाली खोचायची एक डबी मिळते, काडेपेटीएवढी. ती लावली की बॅटरीच्या पोटातले सगळे फोनवर कळते: गरम किती, भरली किती, आणि मुख्य म्हणजे तिची तब्येत नव्या बॅटरीच्या मानाने किती टक्के उरली. गाडी घेतली तेव्हा एक्क्याऐंशी होती. तेव्हापासून रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ती तो आकडा बघू लागली. आमच्या कामात ह्याला घसारा म्हणतात. वर्षातून एकदा लिहितो आणि विसरतो. यंत्र झिजणारच, त्यात रडण्यासारखे काही नाही. पण ज्याचे घर एका यंत्रावर आहे, त्याने तो रोज पाहू नये.

ती पाहत होती आणि जपत होती. ऐंशीच्या वर बॅटरी भरायची नाही. रुग्णालयाचा दिवस असेल तर नव्वद. झटपट भरणारा फास्ट चार्जर वापरायचा नाही, तो बॅटरीला भाजतो. उन्हात गाडी लावायची नाही. शंभर हा आकडा गाडीच्या पडद्यावर तिने कधी येऊच दिला नव्हता. स्टँडवरचे बाकीचे गाडीवाले तिला टक्केबाई म्हणायचे. त्यांच्यातला एक डिझेलची गाडी चालवतो आणि विजेच्या गाड्यांना खेळणी समजतो. त्याचे नाव डिझेलभाऊ. तो रोज विचारायचा, "वहिनी, आज ताप किती?"

ती हसून आकडा सांगायची. पंच्याहत्तरपर्यंत हसून सांगितला. बहात्तरनंतर ती नुसती मान हलवू लागली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, परतीच्या वाटेवर गावापासून सात किलोमीटरवर गाडी बंद पडली. आत दोन रुग्ण होते. एक मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले; दुसऱ्या शिवणकाम करणाऱ्या आजी. त्या दिवशी ऊन फार होते म्हणून तिने एसी लावला होता. गाडीने आधी एसी बंद केला, मग वेग कमी केला, मग कासवासारखी चालून ती रस्त्याच्या कडेला थांबली. आजींना घाम फुटला आणि त्या पाणी मागू लागल्या. डायलिसिसच्या माणसाला दिवसाला मोजून पाणी असते. त्यांचे त्या दिवसाचे संपलेले होते. माझी बहीण हातात बाटली घेऊन उभी होती आणि देत नव्हती. "मला आयुष्यात इतकं पापी कधी वाटलं नव्हतं, दादा," ती नंतर म्हणाली. शेवटी तिने रुमाल भिजवून त्यांच्या ओठांवर धरला. ओढून नेणारी गाडी यायला तास लागला.

दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. त्या चांगल्या आहेत. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मे संपेपर्यंत मी वरच्यांना थोपवून धरते. तेवढ्यात गाडीचं काहीतरी करा. नाहीतर जूनपासून मला दुसरी गाडी बघावी लागेल."

म्हणून आम्ही त्या काउंटरवर गेलो होतो.

परत येताना मी म्हणालो, "दोन लाख माझ्याकडून धर."

"आणि वरचे साडेतीन? चोरी करू? तुझी म्हातारपणाची पुंजी माझ्या गाडीच्या पोटात घालायची नाही मला. आणि घातली तरी पुरत नाही."

ते खरे होते. जुनी बॅटरी बसवावी म्हटले, तर तीन विक्रेत्यांनी जे भाव सांगितले ते ऐकून आम्ही तो विचार सोडला. नवे कर्ज द्यायला कुणी तयार नव्हते. आठ वर्षांच्या गाडीवर कोण देईल? राहिला तो अर्ध्या टक्क्याहून जरासा जास्त आकडा.

डोके चालवले ते डिझेलभाऊने. स्टँडवर चहा पिताना तो म्हणाला, "वहिनी, सरळ हिशेब आहे. तीन वर्षं जे जे टाळलंत, ते ते करा. फास्ट चार्जर लावा, गच्च शंभर भरा, उन्हात तापवा, पार रिकामी करा, परत लावा. दोन महिन्यांत अर्धा टक्का? अहो, माझ्या हातात द्या, आठवड्यात घालवतो."

"तुझ्या हातात दिली तर बॅटरीच काय, चाकंही जातील."

"चाकांची वॉरंटी नसते, म्हणून सांभाळेन."

सगळे हसले. ती हसली नाही. संध्याकाळी माझ्या घरी आली आणि दारातच विचारले, "दादा, हे नियमात बसतं का?"

मी कागद पुन्हा वाचला. फास्ट चार्जर लावायची सोय गाडीत कंपनीनेच दिलेली आहे. उन्हात गाडी उभी करायला बंदी नाही. "लिहिलेल्या नियमात बसतं," मी म्हणालो.

"आणि न लिहिलेल्या?"

मी उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, "सत्तरचा आकडा काही मी काढलेला नाही. त्यांनी काढला. मी फक्त त्याच्या खाली उतरते."

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, हायवेवरच्या पेट्रोल पंपाशेजारी फास्ट चार्जर आहे. तिने गाडी तिथे लावली आणि शंभरपर्यंत भरली. मग घरी आणून अंगणात, जिथे दिवसभर ऊन असते, तिथे उभी केली. थोड्या वेळाने ती आतून एक जुनी चादर घेऊन आली आणि गाडीच्या टपावर पसरू लागली.

मेहुणे ओट्यावरून म्हणाले, "अगं, मारायचीय ना तिला?"

ती थांबली. चादर ओढून काढली आणि घडी करत आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

एप्रिल असा गेला. सत्तर पूर्णांक पाच. मग बरेच दिवस तेच. मग पूर्णांक चार. पूर्वी आकडा खाली गेला की तिचा चेहरा उतरायचा. आता जागचा हलला नाही की उतरायचा. मेहुणे बिचारे गोंधळून जायचे. सकाळी ती फोन घेऊन बाहेर आली की ते विचारायचे, "अभिनंदन की सांत्वन?" एकदा तिने त्यांच्यावर डबा फेकला. रिकामा होता. तरी त्यांनी विचारणे सोडले नाही; मला वाटते तेवढ्यासाठीच ते विचारत असत, की तिने काहीतरी फेकावे.

मेच्या पहिल्या आठवड्यात पूर्णांक दोन झाले. संस्थेच्या फेऱ्या चालूच होत्या. भरून शंभर केले तरी एसी लावून गाडी परत पोचत नव्हती, म्हणून परतीच्या वाटेवर एसी बंद. खिडक्या उघडल्या तर आगीची झळ आत येई, न उघडल्या तर भट्टी. मालवाहू ट्रकच्या मागे, त्याच्या आडोशाने, चाळीसच्या वेगाने ती गाडी आणायची. एसी चालू असलाच पाहिजे ही संस्थेची अट होती. एका बैठकीत व्यवस्थापक बाईंनी रुग्णांना विचारले. मास्तर म्हणाले, "एसीने मला सर्दी झाली, बाई." आजी म्हणाल्या, "मला शाल घ्यावी लागते." बहिणीने हे मला त्याच संध्याकाळी येऊन सांगितले. त्यांना दुसरी, गार गाडी मिळाली असती. पण ती आजींना हाताला धरून पायऱ्या उतरवते, मास्तरांच्या हाताची सुई निघाली की पट्टी नीट दाबली आहे ना ते बघते, चक्कर आली तर पाय वर कसे करायचे ते तिला माहीत आहे. ते त्यांना सोडायचे नव्हते.

एका शनिवारी सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेलो. परतताना मास्तर पुढे बसले होते. चेहरा राखेसारखा झाला होता, पण जीभ शाबूत.

"टक्केबाई, आज किती?"

"सत्तर पूर्णांक एक, मास्तर."

"माझी मूत्रपिंडं आठ टक्के आहेत. मला मेली कुणी वॉरंटी दिली नाही, नाहीतर मीपण उन्हात जाऊन बसलो असतो."

मागून आजी म्हणाल्या, "बसलाच आहात की."

बहीण एवढी हसली की तिला गाडी सावरावी लागली. हसता हसताच तिने डोळे पुसले. समोर पडद्यावर नऊ टक्के भरणा उरला होता आणि गाव अजून बारा किलोमीटर. पोचलो तेव्हा दोन टक्के होते.

मेच्या अठ्ठावीस तारखेला ती रुग्णालयातून परतली ती एक टक्क्यावर. नेहमीप्रमाणे गाडी पंपाकडे वळवली, तर तिथला ट्रान्सफॉर्मर जळालेला. दोन दिवस वीज येणार नाही म्हणून पाटी लावलेली. गाडी कशीबशी घरापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी फेरी नव्हती. मेहुण्यांनी घरचा हळू भरणारा चार्जर लावला आणि विचारले, "नव्वदला काढू?"

"भरू दे पुरती. आता काय जपायचंय," ती म्हणाली आणि आडवी झाली.

सकाळी सात वाजता ती माझ्या दारात उभी होती. आमची घरे दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत. ती अनवाणी आली होती. तिने फोन माझ्यापुढे धरला.

"दादा, हे वाच. माझे डोळे बिघडलेत का बघ."

मी चष्मा लावला. बॅटरीची तब्येत: बहात्तर पूर्णांक नऊ टक्के.

"चुकला असेल," मी म्हणालो.

"डबी काढून परत लावली. फोन बंद करून चालू केला. अ‍ॅप काढून टाकून नव्याने घेतलं. गाडीत बसून ब्रेकवर पाय ठेवून देवाचं नाव घेतलं. तेवढंच येतंय."

"एका रात्रीत बॅटरी बरी होत नाही."

"मग हे काय आहे?"

मला माहीत नव्हते. माझ्याजवळ असेही हिशेब आले आहेत, ज्यांत बेरीज बरोबर असते आणि तरी मन सांगते की काहीतरी उलटे झाले आहे. त्यातलाच हा वाटला. पण कुठे उलटे झाले ते दिसेना. तिला मी खुर्चीत बसवले. ती उठली. स्टँडवर गेली. तिथे डिझेलभाऊने पहिल्यांदाच विनोद केला नाही. बराच वेळ आकड्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, कंपनीचं मशीन वेगळं असेल. तिथे कमी दाखवेल. तुम्ही जाच."

तीस तारखेची फेरी तिने दातओठ खाऊन केली. परत आली तेव्हा अ‍ॅपवर बहात्तर पूर्णांक आठ होते. आता एकच दिवस उरला होता, आणि एकच आशा, की इतके महिने जे अ‍ॅप खरे बोलत होते ते आता खोटे बोलत असावे.

एकतीस मेला मी रजा टाकली. टायवाल्याने आम्हाला ओळखले. गाडी आत गेली. काचेपलीकडे एका कामगाराने तिला वायर जोडली. बहीण काचेला कपाळ लावून उभी राहिली. तिच्या श्वासाचा डाग काचेवर मोठा व्हायचा आणि जायचा.

टायवाला कागद घेऊन आला. बहात्तर पूर्णांक आठ.

"परत लावा," बहीण म्हणाली.

"मॅडम, तेच येईल."

"एकदा. तुमच्या घरी कुणी आजारी पडलं तर दोनदा ताप बघता ना? तसं एकदा."

त्याने लावले. तेच आले.

"दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच सत्तर पूर्णांक सहा सांगितलंत. मी जिला मरमर मारली ती बरी कशी होते? जिला तीन वर्षं जपली ती झुरत होती!"

टायवाल्याने आत जाऊन कामगाराला विचारले आणि परत येऊन जरा ओशाळून सांगितले. गाडी बॅटरीची तब्येत थेट मोजत नाही. भरताना आणि रिकामी होताना जे दिसते त्यावरून अंदाज बांधते. बॅटरी कधी पूर्ण, हळूहळू भरलीच नाही, तर आतले कप्पे कमी-जास्त भरलेले राहतात आणि गाडीचा अंदाज कमी येत जातो. फास्ट चार्जरवर शंभर दिसले तरी ते कप्पे सारखे होत नाहीत. "परवा तुम्ही ती पार रिकामी करून घरी सावकाश पूर्ण भरलीत. तिने सगळं नव्याने मोजलं."

"म्हणजे गाडी आता जास्त जाईल?"

"फार तर चार-सहा किलोमीटर."

"म्हणजे तब्येत सुधारली नाही. रिपोर्ट सुधारला."

त्याने कागद काउंटरवर सरळ करून ठेवला.

"मी त्या दिवशी झोपले नसते, तर आज एकोणसत्तर असतं?"

"ते सांगता येत नाही, मॅडम."

"नव्वदला काढू का म्हणून विचारलं होतं त्यांनी. मी नको म्हणाले." हे तिने मला सांगितले की स्वतःला, कळले नाही.

मग तिने विचारले, सेंटर किती वाजता बंद होते. सहा, तो म्हणाला. चार वाजले होते. ती गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेली. मला वाटले निघाली. पण तिने गाडी आवारातल्या उघड्या जागेत, उन्हात उभी केली, काचा वर केल्या आणि आत बसून हीटर लावला. मे महिना, दुपारचे ऊन आणि हीटर. दिवे लावले, वायपर लावले, जे जे लागते ते सगळे लावले, बॅटरी रिकामी व्हावी म्हणून. मी काचेवर टकटक केली. तिने दार उघडले नाही. फोन मांडीवर होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. कोरड्या काचेवर वायपर करकर करत फिरत होते. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. मी दुसऱ्या बाजूचे दार उघडून आत बसलो, कारण दुसरे काय करावे सुचेना. आत श्वास घेता येत नव्हता.

"अजून थोडं, दादा," ती म्हणाली. "तीन टक्के तर आहेत. माणसाची तब्येत तासाभरात जाते. ह्या डब्याची जात नाही?"

"चक्कर येईल तुला."

"आली तर पाय वर कर माझे. तुला दाखवलंय मी."

आकडा हलला नाही. सहाला दहा मिनिटे असताना सुरक्षारक्षकाने येऊन टपावर थाप मारली. "ताई, गेट लावायचंय."

तिने हीटर बंद केला. वायपर बंद केले. मग स्टिअरिंगवर डोके ठेवून ती रडली, तोंड दाबून, जसे लोक दुसऱ्याच्या घरी रडतात. रक्षक तोंड फिरवून उभा राहिला. गेट त्याने पंधरा मिनिटे उशिरा लावले.

गाडीत घरी पोचण्याइतकाही भरणा उरला नव्हता. गेटबाहेरच्या त्यांच्याच चार्जरवर आम्ही पाऊण तास बसलो.

जूनच्या एक तारखेपासून संस्थेची दुसरी गाडी सुरू झाली. नवीन आहे, गार आहे, येऊन-जाऊन शंभर किलोमीटर शिल्लक राखते. तिचा चालक सभ्य आहे, पण पायऱ्यांशी हॉर्न वाजवतो. पहिल्या दिवशी मास्तरांनी परतीच्या वाटेवरून बहिणीला फोन केला. "बाई, फार थंडी वाजते इथे," एवढेच म्हणाले आणि ठेवला. आजी आषाढाच्या आत गेल्या. त्याचा गाडीशी संबंध नव्हता, त्यांचे वय आणि आजार तसाच होता. तरी बहीण तीन दिवस कुणाशी बोलली नाही.

आता ती गावातल्या दुकानांचा माल पोचवते. वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतले काम, मिळकत आधीच्या तिसऱ्या हिश्शाची. मेहुण्यांनी एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस उभे राहायला सुरुवात केली आहे. कापडाच्या दुकानात ती विचारून आली. तिथे आता पंचविशीतल्या मुली आहेत. अ‍ॅप अजून फोनमध्ये आहे. परवा मी विचारले तर म्हणाली, एकाहत्तर पूर्णांक पाच.

एकतीस मेचा एक व्यवहार सांगायचा राहिला. दावा मंजूर झाला असता तर तपासणीचे पैसे पडले नसते. नामंजूर झाल्यामुळे मशीनवरच्या दोन तपासण्यांचे मिळून अठराशे रुपये झाले. तिच्याजवळ बाराशे होते. मी खिशात हात घातला तेव्हा ती म्हणाली, "तू नको. हे माझं आणि त्यांचं आहे." टायवाल्याने बाराशेची पावती दिली. सहाशे रुपये अजून देणे आहेत.